अठराव्या लाईटचा दिवस

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. देव फक्त दूर गेला होता. ताप आलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतलं बोलणं जसं दुरून ऐकू येतं, तसा. मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात मी तीसेक वर्षं रंगकाम केलं. डोळ्यांची आखणी हे माझं खास काम. बारीक रेघ ओढताना मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून गालात तंबाखूची चिमूट धरायची सवय लागली, ती सुटलीच नाही. पुढे त्याच गालात आतून जखम झाली, ती भरेना, आणि तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. त्यानंतर पनवेलच्या बाजूला एका इस्पितळात तीस दिवस रेडिएशन घ्यायचं ठरलं. आमच्याकडे सगळे त्याला लाईटच म्हणतात.

पहिले दहा-बारा दिवस बरे गेले. चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा घट्ट बसवायचे, मी डोळे मिटून नामस्मरण करायचो, तेवढ्यात संपायचंसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात मात्र तोंड आतून सोलल्यासारखं झालं. थुंकी डिंकासारखी चिकट. भाताला चव नाही, पाण्यालाही नाही. पाणी गिळताना कळ कानापर्यंत जायची. मानेची कातडी काळवंडली. ज्याने त्याने उपाय सुचवले आणि मी ते सगळे केले. लवंगेचं तेल लावलं, हळद चोळली, मानेला खोबरेल थापलं. इस्पितळातून काळजीचा एक छापील कागद मिळाला होता, तो घडी करून देव्हाऱ्यात ठेवला होता. डॉक्टर रोज विचारायचे, "काही त्रास?" मी मान हलवून नाही म्हणायचो. दुखतंय म्हणून रडगाणं गाणं मला कमीपणाचं वाटायचं. बायको वाटी पुढे करून म्हणायची, "अहो, निदान दोन घोट दूध तरी घ्या." मी तोंड फिरवून घ्यायचो. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले.

सतरा लाईट झाल्या आणि मी मनाशी ठरवलं, आता पुरे. अठराव्या दिवशी नेहमीप्रमाणे फाईल घेऊन निघालो, पण पनवेलच्या एसटीत न बसता स्टेशनवर गेलो आणि उलट्या दिशेची, रोह्याची गाडी धरली. रोहा माझं आजोळ. धावीर महाराज आईचं दैवत. त्याला सांगून मोकळं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. माघाचे दिवस, धुकं अजून उठलं नव्हतं. पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, त्यामुळे सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. नागोठण्याजवळ झाडं धुक्यातून वर यायची आणि पुन्हा आत जायची. मध्येच मला वाटलं, आई समोरच्या बाकावर बसली आहे आणि काही न बोलता माझ्याकडे पाहते आहे. नीट पाहिलं तर बाक रिकामा होता. भीती वाटली नाही. उलट, फार दिवसांनी कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटलं.

देवळात गर्दी नव्हती. मी हात जोडले, पण सांगायला शब्दच येईनात. सभामंडपात खांबाला टेकून बसलो. गाभाऱ्यातल्या एका समईच्या दोन व्हायच्या, पुन्हा एक व्हायची. किती वेळ गेला कळलं नाही. मग शेजारून आवाज आला, जाड, अडखळणारा.

"लाईट चालू हाय ना, बाबा?"

साठीच्या पुढची एक बाई बसली होती. बाजारात भाजी विकून आलेली असावी, रिकामी पाटी शेजारी होती. तिचा एक गाल खोल आत गेला होता. तिने माझ्या मानेकडे बोट केलं. मी मान डोलावली.

"मग आज हितं कसा? आज सुट्टी नाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती थोडी जवळ सरकली. मग म्हणाली, "मी पन पळालेली. मिशरी लावायची ना मी, त्यानं झाला. आठ दिस घरी बसली. लेकीनं हाताला धरून परत नेली."

तिने पाटीतून स्टीलचा डबा काढला. त्यात तांदळाची पेज होती, पातळ, कोमट. "तिखट नाय, गरम नाय. एक एक घोट घे." मी घेतला. दुखलं, पण गेला. दुसरा गेला. डबा निम्मा होईपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

"मीठ-सोड्याच्या पान्यानं चुळा भरतोस?"

मी नाही म्हणालो.

"मानंला तेल कुनी लावाया सांगितला?"

माझा हात मानेवरच्या तेलाकडे गेला.

"आनी दुखतंय ता डॉक्टरला सांगितलास?"

मी मान खाली घातली. तेव्हा ती जरा चिडलीच. "देवाला सांगाया रोह्यापतुर आलास, आनी रोज समोर बसतो त्या मानसाला सांगत नाय? त्याला काय देवानं उगाच बसवलाय?" मग तिने तोंड उघडून दाखवलं. जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. "माजा जबडा बसला. सांगितलेला व्यायाम केला नाय. तू रोज तोंड उघडत ऱ्हा. जा आता, गाडी हाय."

मी तिला नावसुद्धा विचारलं नाही. परतीच्या गाडीतून इस्पितळात फोन लावला आणि तोंडातल्या तोंडात कसंबसं सांगितलं की आलो नाही, चुकलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "काका, उद्या नक्की या. चुकलेला दिवस डॉक्टर भरून काढतील, पण आता खाडा करू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारलं आणि मी सगळं सांगितलं. सांगताना लहान मुलासारखा रडलो. ते रागावले नाहीत. जेवणाआधी तोंड बधिर करायचं औषध आणि दुखण्यावरची गोळी दिली, मानेसाठी मलम दिलं, वजन केलं, आहाराच्या बाईंकडे पाठवलं. देव्हाऱ्यातला कागद काढून बायकोने मोठ्याने वाचला. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा दिवसातून अनेक वेळा, मऊ भात, पेज, पातळ वरण, तोंड उघडण्याचा व्यायाम, सगळं त्यात लिहिलेलं होतं. लवंग आणि हळद बंद झाली. दुखणं गेलं नाही, कमी झालं. पेलवेल एवढं झालं. तीसही लाईट पूर्ण झाल्या.

चव परत यायला काही महिने लागले. पहिल्यांदा गोड कळलं, तेही शिऱ्याचं नाही, साध्या दुधाचं. मग मी रोह्याला गेलो. देवळात बसलो, तर दुपारी ती पाटी घेऊन आली. मी पायाला हात लावला. तिने मला ओळखलंच नाही.

"कवा भेटलो आपन?" ती म्हणाली. "मानंवर डाग दिसला का मी बोलतेच. कितीकांना बोलली, काय याद ऱ्हातंय?"

आधी मी थोडा हिरमुसलो. मग तिच्या शेजारी तसाच बसून राहिलो आणि मन हळूहळू निवत गेलं. माझ्यासाठी म्हणून काही खास घडलं नव्हतं. जे सगळ्यांसाठी रोज मांडून ठेवलेलं होतं, ते मी एकदाचं घेतलं होतं. शरण जाणं म्हणजे मुकाट्याने सोसणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, दुखतंय हे कबूल करणं आणि समोर आलेल्या हातातून घोटभर पेज घेणं, एवढंच ते असावं. घोट देणाऱ्याला आपलं नाव आठवायलाच हवं असं नाही.