चेरीखाली धरलेली जागा

जागा धरणं हे आमच्या घरात माझं काम. एजवेअरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपती असो की पाडवा, मोठी जाऊ मला ब्रिस्टलला फोन करते, "तू ना थोडी अर्ली निघ, फ्रंट रो मिळाली पाहिजे." ती स्वतः राहते हॉलच्या मागच्या गल्लीत. मी मोटरवेवरून धावत येते, खुर्च्यांवर शाली आणि ओढण्या टाकते, आणि पडदा उघडायच्या बेतात ती डॉक्टर मैत्रिणींना घेऊन अवतरते. बहुतेक वेळा एक खुर्ची कमी पडते. ती माझी असते.

बोलायची सोय नव्हती. या देशात आलो तेव्हा नवऱ्याला नोकरी लागेपर्यंत आम्ही तिच्याच घरी राहिलो होतो. ते उपकार ती कधी बोलून दाखवत नाही, फक्त वापरते.

मागच्या वसंतात तिनेच ओसाकाच्या सहलीची टूम काढली; तिच्या मैत्रिणी, सगळ्यांचे नवरे आणि आम्ही दोघं असे निघालो. तिथे चेरी फुलली की अख्खं शहर बागेत जेवायला लोटतं. ऑफिसातला सगळ्यात नवा माणूस सकाळीच जाऊन झाडाखाली निळी ताडपत्री अंथरतो आणि साहेबलोक येईपर्यंत तिच्यावर बसून राहतो. हॉटेलात ही माहिती कुणीतरी वाचून दाखवली, तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, पण मनात खूणगाठ बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी बेसबॉलची मॅच बघायला गेली आणि मी ताडपत्री घेऊन बागेत. झाड छान मिळालं. बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि बसले. ऊन होतं, पण बोचरा वारा जमिनीवरून येत होता आणि माझे पाय बर्फ झाले होते. आजूबाजूच्या ताडपत्र्यांवर टाय लावलेली तरुण पोरं माझ्यासारखीच एकेकटी बसलेली. दुपारी जावेचा मेसेज आला. 'शॉपिंगमध्ये लेट झालं गं. आणखी दोघी जॉइन होतायत, सो तू थोडी ॲडजस्ट कर. नाहीतरी फोटो काढायला कुणीतरी उभं लागेलच.'

तो मेसेज मी दोनदा वाचला. राग आला नाही. एकदम हलकं वाटलं.

समोर सात-आठ म्हाताऱ्या बायका डबे आणि एक छोटा कराओकेचा स्पीकर घेऊन जागा शोधत फिरत होत्या. एकीने माझ्या रिकाम्या ताडपत्रीकडे बघून वाकून काहीतरी विचारलं. मी दोन्ही हातांनी म्हटलं, या, बसा. बसल्या त्या, अगदी ऐसपैस. मला त्यांनी मधे घेतलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं, साके, म्हणजे तांदळाची गरम दारू, दिली. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी भोंडल्याचं गाणं म्हटलं, बेसूर आणि खणखणीत. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

तेवढ्यात पिशव्या सांभाळत आमची पलटण आली. जाऊ ताडपत्रीच्या काठाशी थबकली.

"अगं, हे काय? आपली जागा?"

"धरली होती वहिनी," मी म्हटलं. "मग सोडली."

मैत्रिणींसमोर तिचा चेहरा जो उतरला, तो मी आजही ब्रिस्टलच्या पावसात बसस्टॉपवर उभी असले की आठवून बघते. आमच्या म्हाताऱ्यांनी आदराने थोडं सरकून तिला जागा देऊ केली, अगदी कडेला. ती बसली नाही. मी फोटो काढू का, असंही विचारून घेतलं.

रात्री नवरा म्हणाला, "वहिनीला सॉरी म्हणून टाक." मी सॉरी म्हटलं नाही.

या पाडव्याला एजवेअरला मी सावकाश चहा पिऊन निघाले. पोचले तेव्हा हॉल जवळजवळ भरला होता. जाऊ पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या खुर्चीवर तिची स्वतःची काश्मिरी शाल. मला बघून तिने हात केला. "ये गं, तुझी जागा धरलीय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जरा विरघळले, खोटं कशाला बोलू? मग ती एकेक कमी पडलेली खुर्ची आठवली. मी हसून मान डोलावली आणि मागे दाराजवळ जाऊन बसले.

कार्यक्रमभर लोक येऊन तिला विचारत होते, "इथे कोणी आहे का?" आणि दर वेळी शालीवर हात ठेवून तिला सांगावं लागत होतं, "हो, येतेय."