भाभींसाठी घेतलेली ताटं

भाभींचा फोन आला तेव्हा मी घरातल्या पोरींना दूध प्यायला बोलावत होते आणि नेहमीप्रमाणे एकीनंही ओ दिली नव्हती. या पोरी माझ्या कुणी नव्हेत. मी नांदेडला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि घरातल्या दोन खोल्या मेडिकलची तयारी करणाऱ्या चार मुलींना राहायला दिल्या होत्या. घरात चार जणी होत्या, पण बोलायला कोणी नव्हतं. सगळ्या कानात बोटं घालून पाठ करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल आम्हाला झालंच नाही, आणि फोन वाजला की तो बहुतेक कुणाच्या तरी पालकांचा असायचा.

"बाई, दिवाळीच्या सुट्टीत येऊन राहिलो आमी," भाभी म्हणाल्या. "मी, पोरगं, सून आन् नात. नातीला जंगल बघायचंय, पाणी बघायचंय. पर रोज बिस्तरा हलवायला नको. नांदेडातच मुक्काम ठिवू, तिथनंच जाऊ-येऊ. खायाचं तेवढं बघा, तुमाला म्हाईतच हाय."

भाभी म्हणजे लातूरची माझी शेजारीण. त्यांची आणि आमची भिंत एकच. भूकंप झाला त्या वर्षी त्यांचा पोरगा पहिलीत होता. लातूर शहरातली घरं बहुतेक उभी राहिली, पण आत झोपायची कुणाची छाती होईना. आम्ही दोन्ही घरांनी मैदानात एकच पाल ठोकलं आणि पुढचे कितीतरी दिवस एका चुलीवर शिजवलं, एका पातेल्यातलं खाल्लं. पोरगा माझ्या कुशीत झोपायचा. मला तो 'बाईखाला' म्हणायचा. शाळेतली बाई आणि आईची बहीण, दोन्ही एकदमच. पुढे भाभींच्या मालकांनी हैदराबादला दुकान काढलं आणि ते सगळे गेले; आम्हीही नंतर नांदेडला आलो. लोक भूकंपाचं नाव काढलं की हळहळतात. मी कधी कुणाला बोलले नाही, पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस तेच होते.

त्यामुळे फोन ठेवल्या ठेवल्या मी कामाला लागले. ठरवून टाकलं की ही सहल अशी करायची की दरवर्षी दिवाळीत यांना दुसरं गाव सुचूच नये. मला तेवढंच हवं होतं, वर्षातून एकदा घर भरावं.

पोरी दिवाळीला आपापल्या गावी जाणार होत्या, तेव्हा खोल्यांचा प्रश्न नव्हता. एक दिवस सहस्रकुंडला धबधब्यावर, एक दिवस किनवटच्या जंगलात, मधला दिवस थकवा काढायला विष्णुपुरीच्या धरणावर, आणि रोज संध्याकाळी घरी. वाटेवर भोकरला कुठल्या हॉटेलात हलाल मिळतं, ते आमच्या क्लासातल्या शिपायाला विचारलं. धबधब्याजवळ इस्लापूरच्या बाजूला बायकांना नमाज पढायला आडोसा कुठं, ते जीपवाल्याला विचारलं. घरात पश्चिम कुठली ते मला ठाऊक होतं, तरी शेजारच्या मशिदीकडे बघून खात्री केली. रात्रीच्या जेवणासाठी एका मुसलमान बाईंच्या खानावळीतून डबा लावला. आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. आता मटण येणार होतं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. दोन आठवडे मी क्लासात पोरांवर एकदाही खेकसले नाही, म्हणजे बघा.

मग मी भांडी बाजारात गेले. पांढरी, निळ्या काठाची ताटं घेतली, वाट्या, पेले, दोन पातेली. दुकानदारानं विचारलं, "बाई, पातेल्यांवर नाव कुणाचं घालायचं?" मी म्हटलं, कोरीच राहू द्या. पाहुण्यांना हलाल लागतं, तेव्हा भांडीसुद्धा वेगळी, कोरी करकरीत असावीत, असा माझा हिशेब. स्वयंपाकघरात त्यांना वेगळी फळी दिली आणि वर पडदा लावला.

ते आले. पोरगा आता दाढीवाला बाप्या झाला होता, पण दारात वाकून "बाईखाला" म्हणाला आणि मी तिथंच अर्धी विरघळले. चार वर्षांची नात आल्या आल्या माझ्या पदराशी खेळायला लागली. भाभींचे केस पिकले होते, बाकी हसणं तेच. पहिली संध्याकाळ इतकी गोड गेली की मला वाटलं, पालातले दिवस परत आले.

रात्री डबा आला. नव्या ताटांत मी त्यांना वाढलं आणि माझं स्टीलचं ताट घेऊन शेजारी बसले. माझ्या ताटात वरण-भात होता. नातीनं मटणाचा रस्सा लागलेला हात माझ्या भातात घातला. तिला माझ्या ताटातलं हवं होतं, लहान पोरांना दुसऱ्याच्या ताटातलंच हवं असतं. मी ताट झटकन मागं ओढलं. "अगं, ते नको, हे घे," म्हणत तिला तिचं ताट दाखवलं. जेवणं झाली. भाभी ताटं गोळा करून मोरीकडे निघाल्या, तर मी म्हटलं, "भाभी, ती तिकडं मागच्या नळाला ठेवा, ती वेगळी घासायची आहेत." सून आधी नवऱ्याकडे बघायला लागली आणि मग खाली. मला वाटलं, दमली असेल.

सकाळी पोरगा म्हणाला, "बाईखाला, स्टेशनजवळ एक लॉज बघितलाय. पोरगी रात्री रडती, तुमाला तरास. आमी तिथं ऱ्हातो."

पोरगी रात्री रडली नव्हती. मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. एवढी उस्तवार केली, घरात मटण आणलं, आणि यांना लॉज हवा? मी तोंडावर हसू ठेवलं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. इस्लापूरपर्यंत मी जीपवाल्याशीच बोलत होते, तेही रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल.

सहस्रकुंडला पाणी भरपूर होतं. काळ्या दगडावरून पैनगंगा खाली पडत होती आणि पोरगी बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. भाभी आणि मी लांब, एका खडकावर टेकलो. माझ्यानं राहवलं नाही.

"भाभी, माझं काय चुकलं ते सांगा. लॉजचं सोंग नको."

भाभी पाण्याकडे बघत होत्या. "चुकलं न्हाई बाई. तुमी लई केलं. पर ती ताटं कशाला आणली?"

"तुमच्यासाठीच. हलालचं म्हणून."

"तुमच्या भांड्यात कधी काय हराम शिजलंय? तुमी तर अंडं बी खात न्हाई. तुमच्या ताटात जेवायला आमाला काय अडचण? मला इचारायचं हुतं. जीपवाल्याला इचारलं, शिपायाला इचारलं. रोज तर फोन करत हुता मला."

मी जीवशास्त्राची बाई. पोरांनी चुकीचं उत्तर दिलं की कारण विचारणारी. विचारलं का नाही? विचारलं असतं तर त्या 'चालतं' म्हणाल्या असत्या, आणि मग माझ्याच ताटात मटण वाढावं लागलं असतं. ती ताटं त्यांच्यासाठी नव्हती. पडदा, फळी, मागचा नळ, सगळं मी माझ्यासाठी केलं होतं आणि वर त्यांच्या धर्माचं नाव घातलं होतं.

"पण पालात तर आपण एकाच पातेल्यातलं खायचो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"खायचो की," भाभी शांतपणे म्हणाल्या. "ते पातेलं तुमचं हुतं. त्यात आमी आमचं काय कधी शिजवलंच न्हाई. पोरगं मटणासाठी रडायचं, तर त्याचे अब्बा त्याला स्टेशनकडं न्यून खाऊ घालायचे आन् चूळ भरायला लावून मग तुमच्याकडं झोपायला पाठवायचे."

धबधब्याचा आवाज फार होता, तरी मला सगळं ऐकू आलं. इतकी वर्षं जे दिवस मी उशाशी घेऊन झोपले, ते त्यांनी तोंड धुऊन मला दिले होते.

पुढचे दोन दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले. धरण बघितलं, किनवटच्या जंगलात नातीला मोर दिसला. सगळे माझ्याशी छान वागले. जेवायला ते लॉजजवळच्या हॉटेलात जायचे आणि मला आग्रहानं बोलवायचे, नि मी पित्ताचं कारण सांगून घरी यायचे. रिकाम्या घरात भात शिजवायचे. एकदा मनात आलं की सरळ माझ्या ताटात त्यांना मटण वाढावं, आजच्या आज डबा मागवावा. फोनपर्यंत हात गेला. पण रस्सा लागलेलं ते ताट नंतर माझ्यासमोर येईल, एवढंच डोळ्यापुढे आलं आणि मी फोन ठेवला. रडू आलं, तेही स्वतःवरच्या रागानं.

निघताना भाभी रिक्षा थांबवून घरी आल्या. पोरगा सामानापाशी खालीच थांबला होता. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"पुढच्या दिवाळीला तुमी या हैदराबादला. आमच्या घरी ऱ्हावा."

"येते की," मी म्हटलं, पण नजर स्वयंपाकघरातल्या त्या पडद्याकडे गेली.

"काळजी नका करू बाई," भाभी म्हणाल्या. "तुमच्यासाठी नवं ताट आणून ठिवते. पातेलं बी." त्यात टोमणा नव्हता. मी त्यांना ओळखते, टोमणा मारायचा असता तर त्या हसल्या असत्या.

मला हायसं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर उमटलेलं भाभींनी बघितलं. त्यांनी माझे हात सोडले, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या. पुढची दिवाळी आली आणि गेली. मी हैदराबादला गेले नाही, आणि भाभींनी पुन्हा विचारलं नाही.