दाटून गेलेली गोळी

शेतात कुठे ऑइल इंजिन टकटक करू लागले की ती घटना मला आजही आठवते. नोकरीत मी खून पुष्कळ पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरच्या कुऱ्हाडी तर किती पाहिल्या याला हिशेब नाही. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही एक केस मिसळत नाही. नावे मी कोणाचीच सांगणार नाही. माणसे साधी होती आणि त्यांची नातवंडे अजून त्याच भागात नांदत आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीत होता आणि मी आखाडा बाळापूरच्या बाजूला फौजदार होतो. ठाणे म्हणजे कौलारू खोल्या, एक लॉकअप आणि पाऊस आला की बंद पडणारा टेलिफोन. बाजाराच्या दिवशी खिसेकापू आणि दारुडे सोडले तर फारशी धावपळ नसे. त्या दिवशी रात्री जेवणवेळेला कयाधूकाठच्या एका गावचा पोलीस पाटील आला. त्याच्याबरोबर एक चाळिशीचा शेतकरी होता आणि त्याच्या खांद्यावर रायफल होती. त्याने ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "मिस्त्री मेला साहेब. माझ्या हातून मेला."

एवढे बोलून तो भिंतीला टेकून खाली बसला.

हकीकत पाटलाने सांगितली. नदीकाठच्या काटवनातून रानडुकरे येत आणि भुईमुगाची नासाडी करत. पीक राखायला या शेतकऱ्याकडे परवान्याची रायफल होती. निजामाच्या काळातल्या कुण्या जहागीरदाराची, त्याच्या बापाने घेतलेली, ठासणीची. म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची आणि मग उडवायची. गोळ्याही घरीच साच्यात ओतलेल्या. त्या संध्याकाळी तो शेताच्या एका टोकाला बसला होता. त्याचा दोस्त मिस्त्री ज्वारीतून हाका घालत डुक्कर पुढे काढत होता. शिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर शेताच्या उजव्या कोपऱ्यात एक बाभूळ होती. हाकेवाल्याने बाभळीशी थांबायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. डुक्कर बाभळीच्या डाव्या अंगाला, जेमतेम दीड-दोन हातांवर बाहेर पडले. बार झाला. डुक्कर पळून गेले आणि मिस्त्री बाभळीखाली पडला.

मेलेला माणूस पंचक्रोशीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचा, विहिरीवरची इंजिने दुरुस्त करणारा. कुठल्याही मळ्यात इंजिन बंद पडले की याला बोलावणे. या दोघांची दोस्ती पोरवयापासूनची. ईदचा शीरखुर्मा एका घरी आणि पोळ्याची पुरणपोळी दुसऱ्या घरी. आम्ही कंदिलाच्या उजेडात पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले आणि मी मनात म्हटले की हा अपघात आहे, कलम ३०४-अ. फार तर दोन वर्षे.

ते इतके सोपे राहिले नाही. बाजाराच्या दिवशी आमचा एक खबऱ्या आला. त्याचे चहाचे दुकान होते, आणि चहावाल्याच्या कानाला कधी सुट्टी नसते. त्याने सांगितले की महिन्याभरापूर्वी भर बाजारात मिस्त्रीने या दोस्ताची टर उडवली होती. डुक्कर पुन्हा हुकले होते. मिस्त्री म्हणाला होता, तुझी रायफल म्हणजे वरातीतली फटाकडी, आवाजापुरती. लोक हसले. शेतकरी तापला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रायफल बराबर हाय. एक दिस तुलाच म्होरं उभा करतो, मंग कळंल."

मिस्त्रीच्या थोरल्या भावाने दुसऱ्या दिवशी येऊन नेमके तेच सांगितले. त्याचा जबाब घ्यावाच लागला. दुःखातल्या माणसाला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो, हे मी फार वेळा पाहिले आहे. पण त्याचा राग खोटा नव्हता आणि धमकी ऐकणारे साक्षीदार खरे होते. आता प्रश्न ३०२ चा झाला. ३०२ म्हणजे फाशी किंवा जन्मठेप.

मी आरोपीला समोर बसवले. नेम कुणावर होता? "डुकरावर." मग गोळी बाभळीकडे कशी गेली? त्याने मान खाली घातली. तुझी रायफल नेम सोडून मारते का? यावर मात्र त्याने मान वर केली आणि रायफल बराबर आहे म्हणाला. म्हणजे आपल्याच गळ्याभोवतीचा फास हा माणूस आपल्याच हाताने आवळत होता. मारहाणीने बोलते करणारे लोक आमच्या खात्यात होते. माझा त्यावर विश्वास नव्हता. मार खाऊन माणूस आपल्याला हवे तेच बोलतो.

तेवढ्यात शवविच्छेदनात निघालेली गोळी आली. मी आरोपीच्या घरून जप्त केलेला साचा मागवला. त्याच्या बायकोने कसलीही खळखळ न करता तो दिला होता. गोळी त्या साच्यात बसेना. चेपली होती तरी वजनाने ती त्या साच्याच्या गोळीपेक्षा चांगलीच जड भरत होती. रायफल, साचा आणि गोळी घेऊन मी जिल्ह्याच्या शस्त्रागारातल्या हवालदाराकडे गेलो. तो त्यातला मुरलेला माणूस. त्याने नळीत पाहिले, जुन्या साच्याची गोळी आत सोडली आणि कानाशी नेऊन हलवली. आत ती खुळखुळत होती. नळी गंजून आणि घासून आतून मोठी झालेली होती, तोंडाशी एका अंगाला जास्तच. सैल गोळीला नळीतल्या आट्यांची, म्हणजे आतल्या पीळदार खाचांची, पकड बसत नाही आणि ती नेम सोडून एका अंगाला जाते. "पण ही गोळी कुणीतरी याच नळीच्या मापाने ओतलीय," तो म्हणाला. "हिच्यानं ही रायफल सरळ मारणार."

उपअधीक्षक साहेबांनी हे ऐकले आणि टेबलावर हात आपटला. झाले की मग! आधी धमकी दिली, मग खास गोळी ओतली, मग सरळ मारली. पूर्वतयारी यालाच म्हणतात, दोषारोपपत्र लिहा. कागदावर त्यांचे काही चुकत नव्हते. हाताच्या कांकणाला आरसा कशाला, अशीच ती केस दिसत होती.

माझ्या मनात मात्र एक कुसळ राहिले. ज्याने ठरवून खास गोळी ओतली, तो जुना साचा घरात ठेवील आणि नवा लपवील, हे समजण्यासारखे होते. पण तोच माणूस प्रेत टाकून, रायफल खांद्यावर घेऊन स्वतः ठाण्यात कशाला येईल? मी पुन्हा कोठडीत गेलो. या वेळी मिस्त्रीचे नावच काढले नाही. बार कसा भरलास, दारू कुठून घेतलीस, चिंधी कसली होती, असले शेतकी बोलल्यासारखे विचारत बसलो. माणूस आपल्या हातच्या कामाविषयी बोलू लागला की सावधपणा विसरतो. तो सांगू लागला आणि सांगता सांगता म्हणाला, "त्या दिशी गोळी जरा दाटून गेली. मला वाटलं चिंधीच जाड झाली."

मी विचारले, गोळ्या तूच ओतल्या होत्यास ना? तो म्हणाला, हो, बटव्यातल्याच होत्या. बटवा कुणाच्या हातात गेला होता का? मग फार आढेवेढे घेऊन त्याने कबूल केले की रायफलीच्या घोड्याची स्प्रिंग गेली होती आणि त्याने ती बटव्यासकट मिस्त्रीकडे दुरुस्तीला ठेवली होती. परवान्याचे हत्यार दुसऱ्याच्या घरी ठेवणे गुन्हा, म्हणून तो हे लपवत होता. खुनाच्या आरोपाखाली बसलेला माणूस परवाना जाईल म्हणून घाबरत होता. भीतीला अक्कल नसते.

मी मिस्त्रीच्या घरी गेलो. थोरला भाऊ दारातच उभा राहिला. भावजय इद्दतीत आहे, नवऱ्याच्या मरणानंतरचे ते दिवस सरेपर्यंत परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणाला. ते मला ठाऊक होते. मी ओट्यावर बसलो आणि पडद्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात एवढेच विचारले की मिस्त्रीने अलीकडे शिसे वितळवले होते का. भाऊ म्हणाला, नाही, असले काही झाले नाही. पडद्यामागे ट्रंकेची कडी वाजली. मग पडद्याखालून एक हात आला आणि फरशीवर पितळेचा एक नवा साचा ठेवून मागे गेला.

"अगं ए!" भाऊ दरडावला.

"ऱ्हाऊ द्या भाईजान," ती आतून म्हणाली. "माझा मानूस गेला. त्याच्या दोस्ताचं लेकरूबाळ काहून उघड्यावर टाकायचं?"

मग तिने सगळे सांगितले. बाजारात टर उडवून आल्यावर मिस्त्रीला रात्रभर चैन पडली नव्हती. दोस्ताला चारचौघांत हलका केला, हे त्याला लागले. रायफल दुरुस्तीला आली तेव्हा त्याने नळीत पाहिले आणि त्याला खोट कळली. इंजिनाचा शाफ्ट झिजला की मिस्त्री शाफ्ट फेकत नसे, त्याच्या नव्या मापाचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते कडे, ओतून बसवत असे. इथे त्याने तेच केले. मऊ शिसे नळीतून ठोकून काढून माप घेतले, साचा कोरला, गोळ्या ओतल्या आणि बटव्यात जुन्यांच्या जागी भरून ठेवल्या. बोलला कोणाला नाही. डुक्कर एका बारात पडले की दोस्ताचे तोंड बघायचे होते त्याला. त्या संध्याकाळी हाका घालायला जाताना तो हसत घराबाहेर पडला होता.

जबाब वाचून दाखवला, अंगठा घेतला. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, एवढं करा. त्याला हे सांगू नका. त्याचा नेम चुकला आसंच वाटू द्या."

तिला हो म्हणता आले असते तर किती बरे झाले असते. पण साच्याने अर्धेच कोडे सुटत होते. गोळी सरळ जाणारी होती, हे ठरले. मग ती डुकराला न लागता बाभळीकडे गेली, म्हणजे नेम बाभळीकडेच होता. तो का होता, हे फक्त एकच माणूस सांगू शकत होता आणि त्याला खरे कळल्याशिवाय तो बोलणार नव्हता. न बोलला तर साचा हाती असूनही सरकारी वकील त्याला फासापर्यंत नेऊ शकला असता.

मी साचा त्याच्यापुढे ठेवला. हा कुणाचा, हे सांगितले. त्याने तो उचलला, दोन्ही अर्धी मिटवून पाहिली, उघडून पाहिली. मिस्त्रीचे काम त्याला ओळखू आले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "गोळी सरळ जात व्हती म्हना की."

मग तो बोलला. ती रायफल डावीकडे ओढते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. पण गावचा शिकारी म्हणवून घेणाऱ्याने आपल्या हत्याराची खोट कशी सांगायची? तो गुपचूप उजवीकडे नेम धरायला शिकला होता. कधी लागे, कधी हुके. हुकले की डुक्कर हलले म्हणायचे. त्या संध्याकाळी डुक्कर बाभळीच्या डाव्या अंगाला निघाले. "मी बाभळीवर नेम धरला. तिथं मिस्त्री आसंल हे मला ठावं व्हतं साहेब. पर तिकडं गोळी कदी गेलीच न्हाई. इतक्या वर्सांत कदीच न्हाई." साचा मिटवून म्हणाला, "त्याला एक डाव बोललो आसतो. त्याला तरी."

मिस्त्रीला वाटत होते की दोस्त डुकरावर नेम धरतो, म्हणून तो निर्धास्त बाभळीशी थांबला. दोस्ताला वाटत होते की गोळी वाकडी जाते, म्हणून तो निर्धास्त बाभळीवर नेम धरून बसला. दोघांनी एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवली. एकाने अभिमानापोटी, दुसऱ्याने मायेपोटी.

शस्त्रागाराच्या मैदानावर पंचांसमोर चाचणी झाली. जुन्या साच्याच्या गोळ्या बहुतेक डावीकडे गेल्या आणि मिस्त्रीच्या साच्याच्या गोळ्या जिथे नेम तिथेच लागल्या. हवालदाराच्या तोंडून 'वा' निघाले आणि माझ्याकडे पाहून तो लगेच गप्प झाला. ३०२ गेले, ३०४-अ राहिले. उपअधीक्षक साहेबांनी सही करताना माझी पाठ थोपटली. न्यायालयाने थोडी शिक्षा दिली, परवाना रद्द झाला, रायफल सरकारजमा झाली.

नव्या फौजदारांना मी पुढे सांगत असे की गप्प बसलेल्या आरोपीला कशाची भीती वाटते एवढेच शोधू नका, त्याला मिरवायला काय आवडते तेही शोधा. बऱ्याच वेळा तोंड तिथे अडलेले असते. हे या केसने मला शिकवले आणि पुढे अनेकदा उपयोगी पडले. पण शिकलेली दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, कारण तिचा कुणाला उपयोग नाही. खरे शोधून काढणे हे आमचे काम. ते खरे ज्याच्या पदरात पडते त्याने पुढे त्याचे काय करायचे, याची तजवीज कुठल्याही कायद्यात नाही.

माझी बदली झाली तेव्हा साच्याबरोबर पुरावा म्हणून जप्त केलेली मिस्त्रीची अवजारे परत द्यायला मी स्वतः गेलो. इद्दत कधीच सरली होती. ती ओट्यावर येऊन बसली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिने पक्कड, हातोडी, कानस एकेक करून पदरात घेतली. मग विचारले, त्याला सांगितले का.

मी म्हटले, सांगावे लागले.

ती काही रागावली नाही. शिक्षा भोगून तो गावात आलाय, हे तिला ठाऊक होते. ती पाण्याला जाताना तो तिला दोन-तीनदा गल्लीच्या तोंडाशी दिसला होता आणि दर वेळी त्याने वाट बदलली होती.

"नेम चुकला म्हनून आला आसता तर मी त्याला माफ केलं आसतं," ती म्हणाली. "भाऊ म्हनून घरात घेतलं आसतं. लेकरं त्याला चाचा म्हनून राहिली व्हती. आता तो कदी यायचा न्हाई साहेब."

मी पोचपावतीवर तिचा अंगठा घेतला आणि जीपकडे गेलो. पुढे कितीतरी वर्षांनी त्या भागातला एक शिपाई भेटला, त्याला मी मुद्दाम विचारले. दोघांची घरे एकाच गल्लीत, समोरासमोर होती. शेतकऱ्याने आपले रस्त्याकडचे दार विटांनी बुजवून घेतले होते आणि घराला मागून नवे दार पाडले होते.