बायनाबाईचं प्रश्नचिन्ह

तलवाड्याच्या बायनाबाईला एका प्रश्नचिन्हासाठी सहा महिने भांडावं लागलं. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. प्रश्नचिन्ह कसं दिसतं, हे तिला त्या भांडणातच कळलं.

साठी ओलांडलेली बाई. नवरा म्हाळू बारा वर्षांपूर्वी गेला. घरात मुलगा अभिमन्यू, सून बबिता आणि ऐंशी मेंढरं. दोन एकर कापूस अभिमन्यू बघतो, मेंढरं बायनाबाईची. दिवसभर रानात मेंढरांना ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय, की ती देवाला नमस्कार करतानासुद्धा त्याला झापतेय असं वाटतं.

एका मार्गशीर्षात गावात धनश्री आली. पुण्याच्या एका संस्थेत भाषाशास्त्राचं संशोधन करणारी, तिशीच्या आतली मुलगी. बोलींचं सर्वेक्षण चाललं होतं. शाळेत न गेलेली, जन्मभर याच भागात राहिलेली वयस्कर माणसं शोधायची आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, असं तिचं काम. गावचे पुढारी विजयसिंह यांनी आधी स्वतःचंच नाव सुचवलं. "मला भाषणाची सवय हाय, तुमचं काम अर्ध्या तासात होईल," म्हणाले. धनश्रीला नेमकं भाषणाची सवय नसलेलं माणूस हवं होतं. ती बायनाबाईच्या दारात आली.

तीन दिवस काम चाललं. पहिल्याच दिवशी धनश्री म्हणाली, "मावशी, पंखा बंद करूया. आणि मेंढरं जरा लांब नेता येतील का? आवाज येतोय."

"मेंढरं लांब न्यायची तर मला बी लांब जावं लागंल. मंग बोलंल कोण?"

मेंढरं राहिली, पंखा बंद झाला. धनश्रीने लॅपटॉपवर एक छोटी चित्रफीत दाखवली. एक माणूस येतो, त्याच्या हातून पेला पडतो, तो निघून जातो.

"काय झालं, मावशी?"

"पेला फुटला."

"कुणी फोडला?"

"तुला दिसंना का?"

"मला दिसतंय, पण तुम्ही सांगा."

"त्यानं फोडला. आन् काचा बी उचलल्या न्हाईत."

अशा बेचाळीस चित्रफिती होत्या. प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचं. मधेच विजयसिंह डोकावून जायचे आणि सांगायचे, "बायना, जरा शुद्ध बोल. गावाचं नाव पुण्याला चाललंय." धनश्री घाईने म्हणायची, "नाही नाही, मावशी, नेहमी बोलता तसंच बोला."

"एक म्हणतो नीट बोल, एक म्हणती तसंच बोल," बायनाबाई कातावली. "मी बोलू का गप बसू, ते एकदा ठरवा."

तिसऱ्या दिवशी घरातली एखादी घटना मनाने सांगायची होती. बायनाबाईने दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. बबिता न सांगता-सवरता माहेरी गेली होती. तिचे वडील शहादेव माजलगावच्या पुढच्या एका गावात राहतात. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं असा निरोप आला आणि ही पोरगी पीठ परातीतच टाकून, चपला हातात घेऊन एसटीच्या मागे पळाली. बायनाबाईने सांगितलं ते असं: "सून कावून गेलती माहेराला? तर तिच्या बापाला दवाखान्यात नेलतं." सुनेची माया सांगताना तिचा आवाज जरा मऊही झाला होता. मग धनश्रीने संमतीचा कागद वाचून दाखवला, बायनाबाईने अंगठा दिला आणि ती मेंढरं घेऊन रानात गेली. तिच्या लेखी विषय संपला.

श्रावणात संस्थेचं संकेतस्थळ सुरू झालं. त्यात बीडकडच्या बोलीतल्या भूतकाळाच्या रूपांचं एक पान होतं. गेलतो, गेलती, आलते, ही रूपं कुठे कशी वापरतात ते उदाहरणांसकट दिलं होतं. तिसरं उदाहरण बायनाबाईचं. 'गेलती' दाखवायला निम्मंच वाक्य पुरत होतं, म्हणून निम्मंच घेतलं होतं. पानावर छापलं होतं: सून कावून गेलती माहेराला. त्याखाली प्रमाण मराठीत: सून वैतागून माहेरी गेली होती.

आमच्याकडे 'कावून' म्हणजे 'का', 'कशासाठी'. पुस्तकी मराठीत कावणं म्हणजे त्रासणं, वैतागणं. पुण्यात बसून ज्या कुणी अर्थ लिहिला, त्याचं सगळं लक्ष 'गेलती'वर होतं. 'कावून'कडे त्याने पुस्तकी डोळ्यांनी पाहिलं आणि प्रश्नचिन्ह टाकलंच नाही.

पान कुणी वाचलं नसतं. पण विजयसिंहांनी ते तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं, वर स्वतःचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात बायनाबाईचा छोटा. तिथून ते फिरत फिरत माजलगावकडे गेलं आणि चौथ्या दिवशी शहादेव दारात उभे. हातात त्या पानाची छापील प्रत, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली.

"ईनबाई, हे तुमी सांगितलं का?"

बबिताने कागद घेऊन वाचला. वरची ओळ वाचताना ती हसत होती. खालची वाचली आणि तिचा चेहरा उतरला. तिने दोन्ही ओळी सासूला समजावून सांगितल्या.

"म्या असं कशाला म्हणू?" बायनाबाई उसळली. "पाव्हणं, तुमी माजलगावचं, तुमाला कावून म्हंजे काय ते कळंना का?"

"मला कळतंय. पण खाली सायबांनी अर्थ लिवलाय. ते शिकलेले लोक हायेत. तुमी तीन दिवस त्यांच्याशी बोललाव, आजून काय काय सांगितलं असंल, म्हणून त्यांनी तसा अर्थ काढला."

शहादेवांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी केली होती. काट्याने जे छापलं ते खरं, उसाचा मालक कितीही ओरडला तरी. तीच सवय त्यांच्या अंगात मुरली होती.

"आबा, मी तुमच्यासाठीच आलते," बबिता म्हणाली.

"मी बी तेच समजत हुतो. पोरगी चपला हातात घिऊन आली म्हणून साऱ्या गावाला सांगत हुतो. तुला हितं तरास हुता तर तसं सांगायचं. माझ्या दुखण्याचं निमित्त कशाला केलंस?"

संकेतस्थळावर आवाजही ऐकता येत होता. अभिमन्यूने तो लावला. पण तुकडा 'माहेराला' या शब्दापाशीच कापलेला. त्यात बायनाबाई प्रश्न विचारतानाही दटावल्यासारखीच बोलते, आवाज वर जात नाही. शहादेवांनी तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "मला तर दोन्ही वाटतंय." चहा न घेता ते गेले.

त्या दिवसापासून बायनाबाईने घरात सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. धनश्रीचा फोन लागेना. ती परदेशात परिषदेला गेली होती. संस्थेत फोन लावला, तर तिथला माणूस म्हणाला, प्रकल्पाच्या पहिल्या फेरीची मुदत संपली, ई-मेल करा. बबिताने मोबाइलवर शोधून शोधून ई-मेल लिहिला. लगेच उत्तर आलं. बायनाबाई आनंदाने जवळ आली. उत्तरात लिहिलं होतं, आपली सूचना मिळाली, आभारी आहोत.

"मंग बदललं का?"

"न्हाई, आत्या. निस्तं मिळाली म्हणलेत."

पंधरा दिवसांनी एका संशोधकाचा फोन आला. बोलायला गोड होता.

"आजी, आम्ही तपासलं. शब्दकोशात कावणे म्हणजे त्रासणे, वैतागणे असाच अर्थ आहे."

"बाबा, वाक्य माझं हाय का कोशाचं?"

"तुमचंच. पण अर्थ तज्ज्ञांनी तपासलेत."

"म्हंजे मी काय बोलले ते तज्ज्ञांना माहीत, आन् मला न्हाई?"

"तसं नाही, आजी."

"मंग कसं?"

तो म्हणाला की ही आवृत्ती आता बंद केलीय, बदल पुढच्या आवृत्तीत होतील, लेखी अर्ज द्या. बायनाबाईने फोन बबिताच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन मेंढरांना अशा शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली.

घरात वेगळंच चाललं होतं. बबिता बापावर रुसली. कागदाचं ऐकलं, माझं नाही, हे तिच्या मनातून जाईना. गौरीला माहेरचं बोलावणं आलं, ती गेली नाही. त्यामुळे तर शहादेवांचा संशय पक्काच झाला: सासू पाठवत नाही.

कार्तिकात बीडच्या एका महाविद्यालयात भाषाशास्त्राचं राष्ट्रीय चर्चासत्र ठरलं. पत्रिका विजयसिंहांच्या गटावरच आली आणि त्यात धनश्रीचं नाव होतं. बायनाबाईने स्वतः शहादेवांना फोन लावला.

"पाव्हणं, गुरुवारी बीडला या. स्टँडवर मी वाट बघते."

"ईनबाई, झालं गेलं…"

"झालं न्हाई आन् गेलं बी न्हाई. या."

गुरुवारी ती, बबिता आणि शहादेव सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसले. दहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. दिवा लावला, स्वागतगीत झालं, शाली झाल्या, प्रत्येक पाहुण्याचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचाही झाला. एकाने तासभर सांगितलं की आता यंत्रांना बोली शिकवायच्या आहेत. "माणसांना आल्या का आधी?" बायनाबाईने बबिताला विचारलं. तिचं हळू बोलणंही चार रांगा पुढे जातं. लोक वळून बघायला लागले.

सव्वा वाजता धनश्रीचा नंबर लागला. सात मिनिटांत आटपा, असं तिला सांगितलं गेलं. ती भराभर बोलू लागली. पडद्यावर एकेक उदाहरण यायला लागलं. तिसरं आलं आणि बबिताने सासूचा हात दाबला. "आत्या, हेच ते."

बायनाबाई उभी राहिली.

"ए बाय, थांब! ते वाक्य माझं हाय. कावून लिवलंस असं?"

अध्यक्ष म्हणाले, "आजी, प्रश्न शेवटी घेऊ."

"शेवटी कावून? चार महिने झालं, शेवटच यीना!"

पुढच्या रांगेत बसलेले एक प्राध्यापक, जालन्याकडचे, मोठ्याने हसले. "अहो मॅडम," ते धनश्रीला म्हणाले, "ऐकलंत ना? बाई तुम्हाला 'का' विचारतायत. ते वैतागून नाही हो."

धनश्रीने पडद्याकडे पाहिलं, मग बायनाबाईकडे. ती लाल झाली. "मावशी, अर्थ लिहायचं काम दुसऱ्याकडे होतं," ती बोलू लागली, आणि मधेच थांबली. "पण तपासायचं काम माझंच होतं. मी तपासलं नाही." तिने लॅपटॉपमध्ये मूळ ध्वनिमुद्रण शोधलं. अध्यक्ष घड्याळ दाखवत राहिले, ती शोधत राहिली. मग सभागृहात बायनाबाईचा आवाज घुमला, मागे मेंढरांचं ओरडणं: "सून कावून गेलती माहेराला? तर तिच्या बापाला दवाखान्यात नेलतं. पीठ परातीत तसंच. चपला बी घातल्या न्हाईत पोरीनं."

शहादेव खाली मान घालून बसले होते. ते बबिताला म्हणाले, "चुकलं माझं."

"आता म्हणताव," बबिता म्हणाली. "माझ्या तोंडून ऐकलं तवा न्हाई पटलं. यंत्रानं सांगितलं तवा पटलं."

ती लगेच निवळली नाही. बीडच्या स्टँडवर बाप-लेक दोन बाकांवर बसले आणि दोघांच्या मधे बायनाबाई, दोघांवरही चिडून, कारण तिला वाटत होतं की आता तरी हे मिटलं. संक्रांतीला बबिता माहेरी गेली, चार दिवस राहिली आणि परत आली तेव्हा बरं बोलत होती.

संकेतस्थळावर प्रश्नचिन्ह पडलं ते माघात. 'वैतागून' गेलं, 'का' आलं. बबिताने मोबाइलवर ते चिन्ह मोठं करून सासूला दाखवलं. बायनाबाईने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा वाकड्या आकड्यासाठी?" चर्चासत्राचं पुस्तक मात्र तोवर छापून झालं होतं. त्यात सून अजूनही वैतागूनच माहेरी जाते. ते आता बदलत नाही म्हणे.

फाल्गुनात धनश्री सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा आली. येताना भीत भीतच आली असावी. बायनाबाईने तिला पाणी दिलं आणि अट सांगितली: जे लिहिशील ते इथेच बसून वाचून दाखवायचं, अर्थासकट, आणि मी हो म्हणाले तरच पुढं जायचं. धनश्री कबूल झाली. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. पुण्याहून तिला फोन यायचे, एवढा उशीर का म्हणून. ती बाहेर जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगायची, परत येऊन वही उघडायची आणि वाचायला लागायची. बायनाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत असायची.

"न्हाई," ती मधेच म्हणायची. "असं म्या म्हणलेच न्हवते. खोड ते."