सगुणाचे दोन तास

घरकामाच्या बायकांचे किस्से आपण साठवायचे म्हणून साठवत नाही. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात, आणि तोवर इकडे दूध उतू गेलेलं असतं. माझ्याकडचे किस्से तर सगळे एकीचेच आहेत. सगुणाचे!

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. हे कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. मला नुकतीच कॉलनीतल्या शाळेत नोकरी लागली होती. सासूबाई अकोल्याला असायच्या. सुनेनं नोकरी करावी हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. शेवटी ह्यांनी फार मनधरणी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "करू दे. पण मी कधीही येऊन बघेन. घराची आबाळ दिसली की त्याच दिवशी राजीनामा."

मला शाळा जिवापाड आवडत होती. पण माझी नोकरी टिकणार की जाणार हे माझ्या शिकवण्यावर नव्हतंच. ते होतं सगुणावर.

* * *

सगुणा कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरून यायची. कारखान्याचा दहाचा भोंगा झाला की आमच्याकडे यायचं, बाराचा झाला की जायचं, असं ठरलं. पगार त्या दोन तासांचा. भांडी, धुणं, केर, फरशी. मी साडेदहाला शाळेत जायची, मागे ती काम उरकायची, आणि किल्ली शेजारच्या शिंदेवहिनींकडे द्यायची.

एकदा मी चष्मा घरी विसरले. शाळेच्या फाटकातूनच परत फिरले, तर दाराला कुलूप! शिंदेवहिनींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि ही बाहेर पडली."

दुसऱ्या दिवशी मी तिला धारेवर धरलं. दोन तास ठरले होते ना, मग अर्ध्या तासात कशी जातेस? सगुणानं शांतपणे पदर खोचला.

"भांडी सपली, त्याला मी काय करू? आनखी खरकटी काढा, घासते."

* * *

शिंदेवहिनींकडे ती सकाळी लवकर जायची. त्यांचे मिस्टर कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे वहिनींचं बोलणंही मशिनरी दुरुस्त करावी तसं. त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला माणूस हाताळता येत नाही. नुसतं समोर बसायचं. बघा कशी काम करते."

आणि खरंच त्या मोरीसमोर स्टूल टाकून बसल्या.

सगुणानं पहिलं ताट हातात घेतलं आणि कॉलनीतल्या एका मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट सुरू केली. मुलगी कोण, मुलगा कोण, नारळ परत कोणी पाठवला, मुलाच्या मामानं मांडवात काय तमाशा केला! गोष्ट ऐन रंगात आली की तिचा हात थांबायचा. वहिनींना पुढचं ऐकायची इतकी घाई, की त्यांनी स्टूल सरकवलं, खाली बसल्या, आणि स्वतःच पातेली विसळायला लागल्या.

गोष्ट संपली तेव्हा भांडी झाली होती. सगुणा उठली, हात पुसले आणि वहिनींना म्हणाली, "आज येळ पुरी भरली बरं का."

त्यानंतर माणूस हाताळण्याबद्दल वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

* * *

आमच्या ओळीतलं तिसरं घर रूथबाईंचं. त्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स, स्वभावानं अगदी गाय. रात्रपाळी करून आल्या की दुपारपर्यंत झोपायच्या. सगुणा त्यांच्याकडे कधी भांडी घासायची हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण बाई झोपल्यात तर आवाज कशाला करा, म्हणून तीही पडवीत आडवी व्हायची.

सुट्ट्यांचा तर कहरच होता. दिवाळी, पाडवा, नागपंचमी आमच्या. त्या दिवशी ती रूथबाईंकडेही जायची नाही. आणि गुड फ्रायडेला आमच्याकडे आली नाही. मी विचारलं, अगं, आमच्याकडे तो सण नसतो.

"रूथबाईंचा दुखाचा दिस," ती म्हणाली. "अन् मी शेजारी भांडी वाजवीत बसू व्हय?"

रूथबाई त्या दिवशी ड्यूटीवर होत्या!

* * *

मग तिला काढून टाकलं का नाही, असं तुम्ही विचाराल. काढून आणणार कोणाला? दुष्काळ पडला होता. आसपासच्या सगळ्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. शिवाय खरं सांगायचं तर सगुणा मला आवडायची. चमचाभर साखरेलाही तिनं न विचारता हात लावला नाही. घर उघडं टाकून जावं इतका तिचा भरवसा वाटायचा. भरवसा नव्हता तो फक्त घड्याळाच्या बाबतीत.

त्या दुष्काळात ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना संक्रांतीलाच बंद पडला. चिमणीचा धूर थांबला आणि भोंगाही थांबला. पहिल्याच दिवशी सगुणाचा पत्ता नाही. वाट बघून बघून मीच भांडी घासली, धावत शाळेत गेले, आणि वर्गासमोर हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. रडूच यायचं राहिलं.

संध्याकाळी तिला गाठलं. ती म्हणाली, "भोंगाच झाला न्हाई. मी आपली वाट बघत बसले."

मी म्हटलं, बरं, भोंगा बंद झालाय, आता ऊन बघून येत जा. ती दुसऱ्या दिवशी आली, उशिराच, आणि मी निघाले तशी माझ्याबरोबरच निघाली. मी म्हटलं, आता बाराचा भोंगा झाला का?

"जायाची येळ मला कळती," सगुणा म्हणाली. "यायाचीच कळत न्हाई."

* * *

आणि शिमग्याच्या सुमारास सासूबाई आल्या. आदल्या दिवशी निरोप, दुसऱ्या दिवशी एसटीतून तांदळाची पिशवी घेऊन हजर! हे त्यांना आणायला स्टँडवर गेले आणि मी सगुणासमोर अक्षरशः हात जोडले. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, घरात धूळ दिसली तर माझी शाळा सुटेल गं.

सगुणानं ऐकून घेतलं. "आज्जी किती दिस ऱ्हानार?" एवढंच तिनं विचारलं. आठवडाभर, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले खरी, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. फळ्यावर मांडलेलं गणित मुलींनी दुरुस्त केलं. सासूबाईंची तपासणी मला ठाऊक होती. त्या फळीवरून बोट फिरवतात, पातेली उपडी करून बुडं बघतात.

संध्याकाळी घरी आले तर तांब्यापितळेची भांडी चिंचेनं लखलखत होती. फळीवरचे डबे पुसलेले. स्टोव्हच्या मागची भिंतसुद्धा घासलेली. पाण्याची एवढी टंचाई, टँकरपुढे घागरींची रांग, तरी पिंप काठोकाठ भरलेलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांना नावं ठेवायला काही सापडत नव्हतं.

हे रोज चाललं. सगुणा मी निघायच्या कितीतरी आधी यायची आणि ऊन कलल्यावर जायची. एक दिवस सासूबाईंनाच तिची दया आली. आता पुरे, घरी जा, असं त्या म्हणाल्या. तेव्हा सगुणानं काय सांगावं? "आजून दोन तास भरलं न्हाईत, आज्जी."

जाताना सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "कर तू नोकरी. मी उगाच घोर लावून घेतला होता."

एसटी धुरळा उडवत गेली आणि मी तशीच घराकडे पळाले. सगुणा फरशी पुसून निघायच्या तयारीत होती. मी तिचे ओले हात हातात घेतले. तुझे उपकार जन्मात फिटायचे नाहीत, म्हटलं. आणि मग राहवलं नाही, म्हणून विचारलंच.

"सगुणा, तुला इतकं करता येतं, मग एरवी का नाही गं करत?"

सगुणानं हात सोडवून घेतले, पदरानं कपाळ पुसलं.

"आवो बाई, तुमची नोकरी गेली आसती, तर तुमी घरी बसल्या आसत्या. मंग मला रोजच आसं करावं लागलं आसतं!"