शेजाऱ्यांचा दुजोरा

नेव्यानाबाईंनी सोफियात एकतीस वर्षं पत्रकारिता शिकवली आणि निवृत्त झाल्यावर त्या डॅन्यूबकाठी विदिनला, बहिणीच्या रिकाम्या घरात येऊन राहिल्या. माणूस गेल्याची बातमी द्यायच्या आधी घरच्यांना विचारा, हे त्या पहिल्याच तासाला सांगत.

मंगळवारी सकाळी गालिनचा फोन आला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता बातम्यांच्या एका संकेतस्थळाचा संपादक. सहा वर्षांनी त्याचा आवाज ऐकून बाई सुखावल्या.

“बाई, एकच विचारतो. तुमच्या इमारतीच्या दारावर लचेझार दिमोवचं शोकपत्रक लागलंय का?”

“लागलंय की, कालपासून. इकडे कधी येतोयस रे?”

“येतो, येतो,” म्हणत त्यानं फोन ठेवलासुद्धा.

पत्रक होतं ते दुसऱ्या मजल्यावरच्या स्तांकाच्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून घरच्यांनी रीतीप्रमाणे दाराला चिकटवलेलं, वर म्हाताऱ्याचा तरुणपणीचा फोटो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, हीही रीतच. तो नातू, स्तांकाचा मुलगा, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला होता. अर्ध्या तासात बातमी झळकली: लाडका लचेझार गेला, शेजाऱ्यांचा दुजोरा. स्तांकाला ती बाजारात, मिरच्या निवडताना कुणीतरी दाखवली. ती तिथेच कोसळली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

“बातमी काढून टाकली, बाई. तासाभरात काढून टाकली,” बाईंनी फोन केला तेव्हा गालिन म्हणाला.

“पत्रक कशाचं ते विचारायचं होतंस ना मला.”

“आणि मी का विचारतोय, ते तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

लोकांना रडायला हवं असतं आणि आपण रडं विकतो, असं वर्गात सांगून बाईंनी असल्या स्पर्धांना जन्मभर नावं ठेवली. आता त्या मालात त्यांचाही शब्द गेला होता.

दोन आठवड्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी लचेझारला गाठलं. “ते शेजारी म्हणजे मी. मीच हो म्हणाले.”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “हे कुणाला बोलू नका, बाई. त्या दिवसापासून मतं दुप्पट झालीत. गुरुवारी अंतिम फेरीत आईला चाकांच्या खुर्चीतून मंचावर आणायचं म्हणतायत वाहिनीवाले. तुम्हीही या की.”

“तिला विचारलंस?”

“तिला बोलता कुठे येतंय.”

बाई आत गेल्या. खाटेशी बसून त्यांनी स्तांकाचा चांगला हात हातात घेतला आणि फोनचं सगळं सांगितलं, काही न वगळता. स्तांकानं हात हळूच काढून घेतला. बाईंनी तो पुन्हा धरला नाही.

“गुरुवारी टीव्हीवर जायचंय तुला?”

स्तांकाची हनुवटी वर उचलली गेली. तिकडे मान अशी वर गेली की अर्थ एकच: नाही.

“ती नाही म्हणतेय,” बाईंनी बाहेर येऊन सांगितलं.

“असं तुम्ही म्हणता. आधी हो म्हणालात, तेही तुम्हीच,” लचेझार म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नव्हता.

बाईंनी वाहिनीला पत्र लिहिलं, दोनदा फोन केला. पलीकडच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि आभार मानले.

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी घरी टीव्ही लावला. स्तांकाला नवं जाकीट घालून, केस विंचरून मंचावर आणलं. लचेझार तिच्यापुढे गुडघे टेकून गायला आणि जिंकला. कॅमेरा बराच वेळ स्तांकाच्या चेहऱ्यावरून हलला नाही. निवेदक म्हणाला, आनंदाश्रू आहेत. भिंतीपलीकडे शेजारी टाळ्या वाजवत होते.