शेडच्या फटीतून काढलेला फोटो

एम.एस्सी. संपून ब्लँचर्डस्टाउनच्या एका कंपनीत नोकरी लागली तरी मी विद्यापीठाचं गाव, मेनूथ, सोडलं नाही, कारण तिथे मला खोली मिळाली होती. आयर्लंडमध्ये नोकरीपेक्षा खोली मिळणं अवघड. हाँगकाँगहून आलेल्या एका बाईने ते घर भाड्याने घेतलं होतं आणि वरची खोली मला दिली होती. ती पंचेचाळिशीची, जवळच्या वृद्धाश्रमात कामाला. आम्ही इंग्रजीत बोलायचो. वयात वीस वर्षांचं अंतर असूनही ती माझ्याशी बरोबरीने वागायची. अट एकच होती: मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जायचं नाही.

"माझं सामान आहे तिथे," ती म्हणाली.

असेल, म्हटलं. पण शेडच्या खिडकीला आतून फॉइल चिकटवलेली होती. सामानाला उजेडाचा काय त्रास?

मग एकदा मीठ संपलं म्हणून मी तिची प्रेस उघडली. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. आत गडद लाल रंगाच्या सहा बाटल्या, ग्लिसरीन आणि मेणाचे गोळे होते. मी विचारलं तर म्हणाली, "केकसाठी." तीन महिन्यांत तिने एकही केक केला नव्हता.

दर शनिवारी दुपारी दोघं यायची. एक पन्नाशीचा जाडसर माणूस आणि एक माझ्याच वयाची मुलगी. ती दोघं आपापले फोन किचनच्या टेबलावर पालथे ठेवायची आणि हिच्याबरोबर शेडमध्ये जायची. "भाषेचा क्लास असतो," ती म्हणाली. पण तिघंही आपसात घडाघडा कँटोनीज बोलत होती. मग क्लास कसला?

मी लक्ष ठेवायला लागले. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने अंगणात रेंगाळायचे. ती आली की दोरीवरचे कपडे सारखे करायचे.

एका शनिवारी आतून त्या मुलीचं ओरडणं ऐकू आलं. आधी विनवणी केल्यासारखा आवाज, मग किंचाळी. फॉइलचा एक कोपरा सुटला होता, तिथे डोळा लावला. ती मुलगी स्टुलावर बसलेली, हात मागे बांधलेले, चेहरा पांढराफटक, ओठांतून रक्त ओघळतंय. मी फोन काढला, फटीतून फोटो घेतला आणि कॉर्कला राहणाऱ्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'हे काय असेल? गार्डांना फोन करू का?' गार्डा म्हणजे इथले पोलीस.

तिचं उत्तर यायच्या आधीच मी दार वाजवलं.

दार उघडलं तेव्हा आधी दिसला तो कॅमेरा. जाडसर माणूस त्याच्यामागे उभा होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि रक्ताळलेल्या तोंडाने हसली. बाई मात्र हसली नाही.

"किती वेळ बघत होतीस?" तिने विचारलं.

"आत्ताच आले," मी म्हटलं. फोटोचं बोलले नाही.

त्या संध्याकाळी चहा घेताना तिने सगळं सांगितलं. हाँगकाँगला वीस वर्षं तिने सिनेमात मेकअप केला होता, बहुतेक भुतांचाच. लोकांच्या सिनेमांतली भुतं रंगवून कंटाळल्यावर आता ती स्वतःचा सिनेमा करत होती. गोष्ट साधी होती. एक मुलगी आईच्या मृत्यूनंतर तिच्या फ्लॅटला कुलूप लावून परदेशी जाते. एक दिवस चुकून तिथला लँडलाइन नंबर लावते, आणि बंद घरात कुणीतरी फोन उचलून विचारतं, "जेवलीस का?"

मी म्हटलं, माझी आई रोज फोनवर पहिलं वाक्य हेच म्हणते. ती म्हणाली, "आमच्याकडेही हेच विचारतात."

"पण भुताची गोष्ट आहे, तर इतकं लपवायचं कशाला?"

तिने कप खाली ठेवला. "मुलगी कुलूप लावून निघून का गेली, हा प्रश्न येतोच ना. तू पाहिलास तो पोलीस चौकशीचा प्रसंग त्याचंच उत्तर आहे. हाँगकाँगला नव्या कायद्यानंतर सरकारात कुणाला काय खटकेल ते सांगता येत नाही. आमच्या सगळ्यांचे आईवडील अजून तिथेच आहेत."

तेव्हाच तिला फोटोबद्दल सांगायला हवं होतं. मी वर जाऊन मैत्रिणीला कळवलं, 'काही नाही गं, सिनेमाचं शूटिंग आहे, फोटो डिलीट कर.' तिने अंगठा पाठवला. मी निश्चिंत झाले.

दहा दिवसांनी ती मुलगी रडत घरी आली. तिचा रक्ताळलेला फोटो कुणीतरी तिच्या मावसभावाला पाठवला होता, आणि तो थेट हाँगकाँगला तिच्या वडिलांपर्यंत पोचला होता. ते सरकारी नोकरीत. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, हे बंद कर. ती सिनेमा सोडून गेली.

मी कॉर्कला फोन लावला. मैत्रीण आधी नाही म्हणाली, मग कबूल झाली. "अगं, तू घाबरली होतीस म्हणून मी इथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं फक्त. पाच मिनिटांत काढून टाकला." तेवढ्या वेळात कुणीतरी तो पुढे पाठवला होता.

घराची हवा बदलली. बाई शेडला कुलूप लावायला लागली. शेजारीण कुंपणाजवळ उभी असली तरी खिडकीतून तिच्यावर नजर ठेवायची. एकदा मला विचारलं, "तू कुणाला काही बोललीस?" मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढं खोटं मला सहज जमलं. मग तिचा संशय कॅमेरावाल्यावर गेला, कारण फुटेज त्याच्याकडे असायचं. तिने त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं. वीस वर्षांची त्यांची ओळख होती.

चार दिवस मी तिच्यासमोर बसून जेवले. पाचव्या दिवशी नाश्त्याच्या वेळी सगळं सांगून टाकलं, फोटोही दाखवला. ती तो बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगणार.

"कोट घाल," ती म्हणाली. "हे त्याला तू सांग. मी येते बरोबर."

तो ब्लँचर्डस्टाउनच्या एका रेस्टॉरंटमध्ये शेफ होता. दुपारच्या सुट्टीत मागच्या दाराशी भाजीच्या क्रेटवर बसलेला भेटला. मी सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की मला परत सांगावं लागलं.

"मला वाटलंच होतं, तूच असणार," तो म्हणाला. "फॉइलचा सुटलेला कोपरा तुमच्या कपड्यांच्या दोरीकडेच होता."

"मग सांगितलं का नाही?" बाईने विचारलं.

"नक्की माहीत नव्हतं. तू विचारलंही नाहीस." हे तो तिला म्हणाला, मला नाही. ती त्याच्या शेजारच्या क्रेटवर बसली.

पुढच्या शनिवारी तो आला. मुलीचे सगळे प्रसंग काढून टाकले आणि ती भूमिका बाईने स्वतः, ओळखू येणार नाही असा मेकअप करून केली. म्हातारं दिसायचा मेकअप करता येतो, तरुण दिसायचा फार जमत नाही, म्हणून गोष्टीतली मुलगी चाळिशीची झाली. मी म्हटलं, मी काही मदत करू का? तिने सरळ सांगितलं, "नको." त्यात राग नव्हता, पण बोलणं तिथेच संपलं. मी शनिवारी दुपारी बाहेर जायला लागले.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो कॉर्कच्या एका छोट्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. तीसेक खुर्च्या होत्या. तिने मला बोलावलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. शेवटी पडद्यावर कुणाचंच नाव आलं नाही. लोक उठले आणि एकमेकांकडे न बघता बाहेर पडले.

बाई अजून आतच होती. दारात साठीच्या एका गृहस्थांनी मला गाठलं. "हा सिनेमा कुणी केलाय, तुला माहीत आहे का?" त्यांनी अडखळत इंग्रजीत विचारलं.

हे का विचारतायत? फोन चालू आहे का म्हणून मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. "नाही," म्हटलं. "मी सहज आले होते."

"मला फक्त त्यांना सांगायचं होतं, की आमचं हाँगकाँगचं घरही असंच बंद आहे." आणि ते निघून गेले.

परतीच्या गाडीत मी तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. दोन स्टेशनं गेल्यावर तिने विचारलं, "दिसायला कसे होते?"